एकट्या शाळेला दर कोण देणार?

टेक्सास राज्याच्या पश्चिम भागात, मेक्सिकोच्या सीमेला लागून ब्रूस्टर नावाची काउंटी आहे. क्षेत्रफळ सुमारे १६,००० चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या पुणे जिल्ह्याहून थोडं जास्तच. लोकवस्ती मात्र १०,०००च्या आत. तिचं मुख्य ठाणं अल्पाइन, ६,००० वस्तीचं गाव. गावात सरकारी निधीवर चालणाऱ्या शाळा आहेत आणि सल रॉस स्टेट युनिव्हर्सिटी हे छोटंसं सरकारी विद्यापीठही आहे. नियमित विमानं सुटतात असा सगळ्यांत जवळचा तळ मिडलंडला, सुमारे २५० किलोमीटरवर. एल पासो ३५० किलोमीटर. राजधानी ऑस्टिन साडेसहाशेच्या आसपास.

अशा गावातल्या शाळेला प्रवास चुकत नाही. टेक्सासमध्ये शाळांच्या वादविवादापासून धावण्याच्या शर्यतींपर्यंतच्या स्पर्धा युनिव्हर्सिटी इंटरस्कोलास्टिक लीग ही संस्था भरवते. १९१०मध्ये टेक्सास विद्यापीठाच्या आश्रयाने ती सुरू झाली आणि आजही ऑस्टिनहूनच चालते. आधी आपल्या गटात जिंकायचं, मग विभागात, मग राज्य पातळीवर. शिक्षकांना प्रशिक्षणासाठी जावं लागतं, मुख्याध्यापकांना अधिवेशनाला, विद्यापीठातल्या प्राध्यापकांना परिषदांना, खेळाडूंच्या संघांना शेजारच्या राज्यांतसुद्धा. सल रॉसच्या रोडिओ संघाबरोबर तर घोडेही निघतात. अमेरिकेतल्या महाविद्यालयीन रोडिओची राष्ट्रीय संघटना १९४९मध्ये उभी राहिली, तिची मुळं याच गावात आहेत.

शाळेच्या प्रवासाचं एक वैशिष्ट्य खर्चाच्या हिशेबात सहसा कोणी लक्षात घेत नाही. तो आधी ठरवता येत नाही. विभागीय फेरी जिंकल्याशिवाय राज्य स्पर्धेला जायचं की नाही ते कळत नाही, आणि जिंकल्यावर हातात थोडेच दिवस उरतात. दोन महिने आधी काढलेलं तिकीट स्वस्त पडतं हे शाळेच्या हिशेबनिसालाही ठाऊक असतं. पण हरणाऱ्या संघासाठी तिकीट काढून ठेवायचं कसं? म्हणजे मुलं जितकी चांगली खेळतील तितका शाळेचा प्रवास महाग आणि ऐनवेळचा. अनेक संस्थांसाठी मिळून केलेल्या सामाईक प्रवास-करारांची गरज मला सर्वांत जास्त इथे दिसते. घाऊक सवलत हा त्यांचा एक भाग झाला. ऐनवेळी निघणाऱ्याला आणि बेत रद्द करणाऱ्याला दंड बसू नये, ही त्यांतली खरी मोलाची गोष्ट आहे.

विमानभाड्याचा इतिहास थोडा पाहिला की हे नीट कळतं. १९७८पर्यंत अमेरिकेत एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जाणाऱ्या विमानाचं भाडं सिव्हिल एरोनॉटिक्स बोर्ड हे सरकारी मंडळ ठरवत असे. भाडं सरकारनेच ठरवलेलं असल्यावर घासाघीस कुणाशी करणार? राज्याच्या हद्दीतल्या उड्डाणांवर मात्र या मंडळाचा अधिकार नव्हता. टेक्सास एवढं मोठं, की राज्यातल्या राज्यातच विमान कंपनी चालू शकते. साउथवेस्ट एअरलाइन्सने नेमकं हेच हेरलं. १९७१च्या जूनमध्ये डॅलस, ह्यूस्टन आणि सॅन अँटोनियो या तीन शहरांदरम्यान तिची विमानं उडू लागली. १९७३मध्ये ब्रॅनिफ या मोठ्या कंपनीने डॅलस ते ह्यूस्टनचं भाडं १३ डॉलरवर आणून तिला बुडवायचा प्रयत्न केला. साउथवेस्टनेही तेवढ्याच भाड्याला तिकीट देऊ केलं आणि ती तगली. देशाचं विमानभाडं बांधलेलं असताना टेक्सासच्या लोकांनी भाड्याची चढाओढ अशी डोळ्यांनी पाहिली होती.

ऑक्टोबर १९७८मध्ये राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनी विमानवाहतूक नियमनमुक्तीच्या कायद्यावर सही केली आणि भाडी मोकळी झाली. स्पर्धा वाढली, तिकिटं स्वस्त झाली, हे सगळं खरं. पण त्याबरोबर एक नवी विद्याही कंपन्यांनी शिकून घेतली. त्याच विमानातल्या त्याच रांगेतल्या दोन आसनांना वेगवेगळं भाडं लावायचं. सुटीवर निघालेला माणूस आधी ठरवतो, शनिवारची रात्र तिथे काढतो, भाडं जास्त वाटलं तर जातच नाही. त्याला स्वस्त तिकीट. कामासाठी निघालेला माणूस परवा निघून तेरवा परततो आणि त्याला जावंच लागतं. त्याच्याकडून पूर्ण भाडं. सरकारी नोकर, शिक्षक, प्राध्यापक, खेळाडूंचे संघ हे सगळे या दुसऱ्या वर्गात मोडतात. त्यांचा पैसा जनतेचा असतो, पण विमान कंपनीच्या गणितात ते तातडीच्या कामाला निघालेले व्यापारी ठरतात.

यावर पहिला मोठा उपाय केंद्र सरकारने काढला. जनरल सर्व्हिसेस ॲडमिनिस्ट्रेशन हे खातं केंद्राची सामाईक खरेदी पाहतं. १९८०मध्ये त्याने शहरांच्या जोड्या पाडून विमान कंपन्यांकडून भाडं मागवायला सुरुवात केली. वॉशिंग्टन ते डेन्व्हर ही एक जोडी, अटलांटा ते डॅलस ही दुसरी, अशा आज हजारो जोड्या आहेत. प्रत्येक जोडीसाठी कंपन्या वर्षाचा दर देतात. दर एका बाजूचा, आणि जायला-यायला तोच. आधी काढण्याची अट नाही, मुक्कामाची अट नाही, रद्द केलं तर दंड नाही. दोन प्रकारची भाडी असतात. त्यांतल्या वरच्या भाड्यात विमानातलं शेवटचं आसन शिल्लक असेल तर तेही त्याच दरात मिळतं; खालच्या भाड्यात आसनांची संख्या मर्यादित असते.

बदल्यात सरकारने काय दिलं? एक वचन. कामावर निघालेला केंद्रीय कर्मचारी, काही ठरावीक अपवाद सोडले, तर करारातल्याच कंपनीने जाईल. इंटरनेटवर दुसऱ्या कंपनीचं तिकीट चार पैशांनी स्वस्त दिसलं तरी त्याला आपल्या मनाने ते घेता येत नाही. या वचनाला कंपनीच्या लेखी किंमत आहे, कारण अमुक मार्गावरचा सरकारी प्रवासी वर्षभर आपलाच आहे हे तिला आधी कळतं. केंद्राच्या या भाड्यांचा लाभ राज्यांच्या नोकरांना आणि शाळांना मात्र मिळत नाही. त्यामुळे राज्यांना आपापली व्यवस्था उभारावी लागली.

टेक्सासमध्ये हे काम कॉम्प्ट्रोलरच्या कार्यालयाकडे आहे. कॉम्प्ट्रोलर हा राज्याचा निवडून आलेला हिशेब आणि महसूल अधिकारी. त्याच्या खरेदी विभागातर्फे राज्य प्रवास व्यवस्थापन कार्यक्रम चालतो. विमानाचं भाडं, भाड्याच्या मोटारी, हॉटेलं, तिकिटं काढून देणाऱ्या एजन्सी, प्रवासाचं कार्ड, या सगळ्यांचे दरकरार राज्य एकदा करतं आणि पात्र संस्था ते वापरतात. दरकरार या शब्दाची महाराष्ट्रातल्या सरकारी कचेऱ्यांना वेगळी ओळख करून द्यायला नको: वस्तू किंवा सेवेचा दर आणि अटी आधी ठरवून ठेवायच्या, आणि गरज पडेल तसे कार्यादेश काढायचे.

अल्पाइनच्या शाळा यात कशा शिरतात? टेक्सासमध्ये १,०००हून जास्त शाळा-जिल्हे आहेत. प्रत्येकाचं निवडून आलेलं मंडळ, स्वतःचा मालमत्ता कर, स्वतःचा हिशेब. कायद्याने प्रत्येकाला मोठी खरेदी स्पर्धेतूनच करावी लागते. छोट्या जिल्ह्यात हे सगळं बघायला एखादा-दुसरा माणूस असतो. तोच पगारपत्रकं करतो, तोच भोजनगृहाची बिलं तपासतो. त्याने मोटारींच्या भाड्याची निविदा काढावी, अटी लिहाव्यात, विम्याची कागदपत्रं पडताळावीत, आणि तेही वर्षातल्या मोजक्या फेऱ्यांसाठी, हे व्हायचं नाही. राज्याच्या स्थानिक शासन संहितेत यावर वाट काढलेली आहे. राज्याने स्पर्धेतून केलेल्या करारावर स्थानिक संस्थेने खरेदी केली, तर तिची स्वतःची स्पर्धेची अट पूर्ण झाली असं मानलं जातं. राज्याच्या सहकारी खरेदी योजनेचं सदस्यत्व वर्षाला १०० डॉलर. एवढ्या पैशात साध्या निविदेची जाहिरातही निघत नाही.

आपल्याकडे एका म्हशीवाल्याने डेअरीला दूध घातलं की त्याला संघाचाच दर मिळतो, तसंच हे आहे. मात्र एक फरक ध्यानात ठेवायला हवा. दूध संघात दूध घालणाराच मालक असतो आणि दर कमी आला तर सभेत उठून विचारतो. राज्याच्या करारात शाळा ही वापरणारी आहे, करार लिहिणारी नाही. आपल्या गावाला लागणारी गोष्ट करारात नसेल, तर ती तिला मागावी लागते. आणि मागायची तर आपण किती प्रवास करतो हे तिला सांगता आलं पाहिजे. या मुद्द्याकडे पुढे येऊच.

विमानाच्या बाबतीत एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. मोठा ग्राहक म्हणून भाडं उतरतं, हा समज अर्धाच खरा आहे. ज्या मार्गावर दोन-तीन कंपन्या उडतात तिथे राज्याच्या शब्दाला वजन असतं. ज्या गावातून एकच कंपनी उडते, तिथे राज्य कितीही मोठं असलं तरी त्या कंपनीला दर उतरवण्याचं कारण नसतं. दुसरा पर्याय हातात असणं आणि आपला प्रवासी एकीकडे वळवण्याची तयारी असणं, या दोन गोष्टींतून सवलत निघते. म्हणून आडवळणाच्या शाळांना विमानाच्या करारापेक्षा मोटारीच्या आणि बसच्या करारांचा उपयोग कितीतरी जास्त होतो. सामाईक प्रवास म्हटलं की चर्चा विमानाचीच होते, याचं मला वाईट वाटतं. अल्पाइनहून निघणारा शिक्षक पहिले अडीचशे किलोमीटर रस्त्यानेच जाणार आहे.

तर रस्त्याचा हिशेब मांडू. अमेरिकेत स्वतःची गाडी कामासाठी वापरली तर मैलावर पैसे मिळतात. केंद्रीय महसूल खात्याचा २०२५चा दर मैलाला ७० सेंट होता आणि बहुतेक सरकारी संस्था या खात्याचा किंवा त्याच्या जवळचा दर देतात. समजा, एक शिक्षिका ३०० मैल जाऊन-येऊन प्रशिक्षण करते. स्वतःच्या गाडीचे २१० डॉलर झाले. आता समजा करारातली मोटार दिवसाला ४५ डॉलरला मिळते आणि पेट्रोलला मैलामागे १० सेंट पडतात. ४५ आणि ३० मिळून ७५ डॉलर. कमी अंतराला स्वतःची गाडी परवडते, जास्त अंतराला भाड्याची. या आकड्यांवर दोन्हींचा खर्च सारखा होतो तो बिंदू दिवसाला ७५ मैलांचा, म्हणजे सुमारे १२० किलोमीटरचा. अनेक अमेरिकन विद्यापीठांनी आपल्या कर्मचाऱ्यांसाठी असं गणित करून देणारी पानं तयार ठेवली आहेत, आणि निघण्यापूर्वी ते करून जोडायला सांगतात. माझ्या मते सगळ्या करारांत चटकन फळ देणारा उपाय हाच आहे, कारण त्यासाठी कुणाशी वाटाघाटी करायला लागत नाहीत. फक्त कुणीतरी बेरीज करायला हवी.

पण मोटारीच्या करारातला दिवसाचा दर हा तर दर्शनी आकडा झाला. एरवी भाड्याची मोटार घ्यायला गेलं की खिडकीवरचा माणूस विचारतो: नुकसानमाफी हवी का? गाडीला ओरखडा पडला किंवा ती चोरीला गेली तर आमची जबाबदारी नाही, असं लिहून घ्यायचे दिवसाला २०-३० डॉलर सहज लागतात. चालक २५ वर्षांच्या आतला असेल तर वेगळा अधिभार, तोही बहुधा तितकाच. ४५ डॉलरची गाडी बघता बघता १०० डॉलरला जाते. सरकारी आणि शैक्षणिक करारांत नुकसानमाफी आणि ठरावीक मर्यादेपर्यंतचा विमा दरातच धरलेला असतो, आणि तरुण चालकाचा अधिभार पुष्कळदा माफ असतो. शाळेच्या शिक्षकाला या दुसऱ्या कलमाचं विशेष काही वाटणार नाही. विद्यापीठाला ते मोठं आहे, कारण जमिनीचे नमुने आणायला निघालेले संशोधक विद्यार्थी बावीस-तेवीस वर्षांचेच असतात. ही सगळी कलमं संस्थेचा क्रमांक नोंदवून गाडी घेतली तरच लागू होतात. घाईत स्वतःच्या नावाने एखाद्या संकेतस्थळावरून गाडी घेतली, तर दर कदाचित दोन डॉलर कमी पडेल, पण करारातल्या विम्याशिवाय रस्त्यावर उतरावं लागेल.

हॉटेलच्या बाबतीत फार सांगण्यासारखं नाही. केंद्र सरकार दरवर्षी मुक्कामाची आणि जेवणाची कमाल रक्कम जाहीर करतं. विशेष दर न ठरलेल्या ठिकाणांसाठी २०२५च्या आर्थिक वर्षात ती मुक्कामाला ११० आणि जेवणाला ६८ डॉलर होती. अनेक राज्यं तीच धरून चालतात. टेक्सासमध्ये शाळा आणि राज्यातल्या महाविद्यालयांना हॉटेलवरच्या ६ टक्के राज्य करातून सूट आहे, शहराच्या करातून नाही. सूट मिळवायला एक साधा नमुना भरून काउंटरवर द्यावा लागतो. हा कागद न नेल्यामुळे वाया जाणारा पैसा कुणाच्याच वहीत तोटा म्हणून दिसत नाही.

बसचा विषय मात्र पैशांपुरता राहत नाही. २७ जानेवारी २००१ला कोलोरॅडोत सामना खेळून परत निघालेलं ओक्लाहोमा स्टेट युनिव्हर्सिटीच्या बास्केटबॉल संघाचं एक छोटं विमान कोसळलं आणि दहा जण मृत्युमुखी पडले. विमान एका हितचिंतकाकडून मिळालेलं होतं. खर्च वाचवण्याचा तोही एक मार्ग होता, आणि त्या काळी असं विमान घेण्यात कुणाला काही वावगं वाटत नसे. राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाच्या तपासात विद्यापीठाची अशा उड्डाणावर पुरेशी देखरेख नव्हती हे पुढे आलं, आणि महाविद्यालयीन खेळांच्या संघटनांनी प्रवासाची धोरणं ठरवावीत अशी शिफारस मंडळाने केली. त्याच वर्षी महामार्ग सुरक्षा खात्याने पंधरा आसनी व्हॅनबद्दल इशारा दिला. चर्चमध्ये, महाविद्यालयांत ही व्हॅन फार लोकप्रिय होती, कारण बसपेक्षा स्वस्त आणि चालवायला वेगळा परवाना लागत नाही. खात्याचं म्हणणं असं, की दहा किंवा जास्त माणसं बसली की अपघातात ती उलटण्याचं प्रमाण हलक्या भरलेल्या व्हॅनच्या जवळजवळ तिप्पट होतं. बारावीपर्यंतच्या शाळांना मुलं नेण्या-आणण्यासाठी अशा नव्या व्हॅन विकायला केंद्राच्या कायद्याने बंदी आहे. महाविद्यालयांना ती बंदी नाही.

२ मार्च २००७ला ओहायोतल्या ब्लफ्टन विद्यापीठाच्या बेसबॉल संघाची भाड्याची बस अटलांटा शहरात एका पुलावरून खाली पडली. पाच खेळाडू, चालक आणि त्याची पत्नी असे सात जण गेले. तेव्हा अशा बसमध्ये प्रवाशांसाठी पट्टे सक्तीचे नव्हते. नोव्हेंबर २०१६नंतर बनलेल्या नव्या मोठ्या बसमध्ये ते सक्तीचे झाले. जुन्या बस अर्थातच रस्त्यावर राहिल्या.

शाळेचा क्रीडाशिक्षक फोन फिरवून तीन ठिकाणचे दर विचारतो आणि सगळ्यांत कमी दराची बस ठरवतो, तेव्हा त्याला यातलं काय विचारता येणार? बसला पट्टे आहेत का, कंपनीची केंद्रीय सुरक्षा श्रेणी काय आहे, विमा किती आहे. सोळा किंवा जास्त आसनांच्या आणि राज्याबाहेर जाणाऱ्या बसला किमान ५० लाख डॉलरचा विमा लागतो. चालकाला सलग आठ तास विश्रांतीनंतर दहा तासांपेक्षा जास्त गाडी चालवता येत नाही आणि पंधरा तास कामावर भरल्यावर स्टिअरिंग हातात घेता येत नाही. सल रॉसचा संघ न्यू मेक्सिकोतल्या पोर्टालेसला खेळायला निघाला, तर एकेरी अंतरच पाचशे किलोमीटरच्या घरात आहे. पहाटे निघून, सामना खेळून, त्याच रात्री परतायचं तर एका चालकावर ते जमवणं अवघड. दुसरा चालक किंवा एक मुक्काम दरात धरावाच लागतो. कमी दर देणारा कंत्राटदार नेमकं हेच गाळून दर देतो. सामाईक करारात या अटी वकिलाने आणि विमा जाणणाऱ्या माणसाने एकदा लिहिलेल्या असतात, कंपन्यांची तपासणी आधीच झालेली असते, आणि क्रीडाशिक्षकापुढे फक्त तपासलेल्या कंपन्यांची यादी येते. त्यातून दर थोडा वाढला तर वाढू द्यावा. या एका बाबतीत बचतीचा हट्ट धरू नये, असं माझं ठाम मत आहे.

बसचा खर्च उतरवायचा तर तो दुसऱ्या वाटेने उतरवता येतो. मोठ्या बसमध्ये पन्नासपेक्षा जास्त आसनं असतात आणि वादविवादाच्या संघात मुलं पाच. शेजारच्या दोन-तीन शाळा एकाच स्पर्धेला निघाल्या असतील तर त्यांनी एकच बस घ्यावी, हे इतकं उघड असून होत नाही, कारण पैसे कुणी भरायचे आणि अपघात झाला तर जबाबदारी कुणाची, हे ठरलेलं नसतं. टेक्सासमध्ये आंतरसंस्था सहकार्याचा कायदा आहे. त्याखाली दोन शाळा-जिल्हे चार पानांचा करार करून हे आधीच ठरवू शकतात.

राज्याच्या पलीकडेही अशा व्यवस्था आहेत. महाविद्यालयांच्या खरेदी अधिकाऱ्यांची राष्ट्रीय संघटना १९२१ची. महामंदीच्या काळात, १९३४मध्ये, तिच्यातून ई अँड आय ही सहकारी खरेदी संस्था निघाली. ती आजही सभासद शिक्षणसंस्थांच्या मालकीची आहे. दुसरी व्यवस्था राज्यांच्या खरेदी अधिकाऱ्यांची. १९९३मध्ये पश्चिमेकडच्या राज्यांनी एकत्र येऊन करार करायला सुरुवात केली, आज ती नॅस्पो व्हॅल्यूपॉइंट या नावाने देशभर चालते. यात एक राज्य पुढाकार घेऊन निविदा काढतं आणि मुख्य करार करतं. बाकीची राज्यं आपल्या कायद्यानुसार पुरवणी जोडून त्यात सामील होतात. भाड्याच्या मोटारींचा एंटरप्राइज आणि हर्ट्झशी झालेला करार याच पद्धतीचा.

या संस्था सभासदांकडून सहसा पैसे घेत नाहीत. त्यांचा खर्च विक्रेता भरतो. नॅस्पोच्या करारांत नेहमीचा आकार विक्रीच्या पाव टक्क्याचा. पाव टक्का जास्त नाही. तरी विचार करावा असं यात काही आहे. विक्री वाढली की संस्थेचं उत्पन्न वाढतं, मग स्वस्तात स्वस्त दर मिळवण्याची तिची निकड किती उरते? शिवाय एकदा करार हातात आला की आपल्या गावची बस कंपनी कमी दरात, चांगल्या गाडीसह तयार आहे का, हे बघायचंच लोक सोडून देतात. करार म्हणजे जास्तीत जास्त दर, असं समजून वापरावा. त्याखाली दर मागायला कुणाची बंदी नाही, आणि बसच्या बाबतीत तो पुष्कळदा मिळतो.

आणि मग करार मोडणारे. प्राध्यापकाला आपल्या मोबाइलवर करारापेक्षा ४० डॉलरने स्वस्त तिकीट दिसतं आणि तो ते काढतो. कित्येकदा त्याचं बरोबरही असतं. २०२०च्या उन्हाळ्याअखेर युनायटेड, डेल्टा आणि अमेरिकन या तिन्ही मोठ्या कंपन्यांनी देशातल्या बहुतेक तिकिटांवरचा बदलाचा दंड काढून टाकला, तेव्हा कराराचा एक मोठा फायदा बराचसा उणावला. पण तिकीट रद्द झाल्यावर परत मिळणारं मूल्य त्या माणसाच्या नावावर जमा होतं. तो नोकरी सोडून गेला की संस्थेचे पैसे त्याच्याबरोबर जातात. करारातल्या एजन्सीकडे अशा न वापरलेल्या तिकिटांची नोंद राहते. केंद्राच्या अनुदानावर परदेशी जाणाऱ्याला तर स्वस्त तिकीट चालेलच असं नाही. १९७४च्या कायद्याप्रमाणे, काही अपवाद सोडून, त्याला अमेरिकन कंपनीच्या तिकिटावरच जावं लागतं. अशा अनुदानावर पुण्याला येणाऱ्या प्राध्यापकाने आखाती कंपनीचं स्वस्त तिकीट काढलं, तर ते पैसे त्याला परत न मिळण्याची भीती असते.

या सगळ्यात सर्वांत जास्त पोळतो तो विद्यार्थी. पुण्याहून, नागपूरहून पीएचडीसाठी गेलेल्या मुलीचा निबंध परिषदेला निवडला जातो. तिने विमानाचं तिकीट, हॉटेल, नोंदणी, सगळं आपल्या खिशातून भरायचं आणि परत आल्यावर बिलं जोडून परतावा मागायचा, अशी अनेक ठिकाणी रीत असते. विद्यावेतनाच्या मानाने मोठी रक्कम तिच्या कार्डावर चढते, आणि परतावा येईपर्यंत व्याज तिच्याच माथी. घरून पाठबळ नसलेली मुलं अशा वेळी परिषदेचं नावच काढत नाहीत. करारातली एजन्सी तिकिटाचं बिल थेट विद्यापीठाला लावू शकते. त्यात डॉलरची बचत शून्य असेल, तरी माझ्या दृष्टीने सामाईक कराराचं हे सगळ्यांत चांगलं कलम आहे, आणि प्रत्येक विद्यार्थ्याने आपल्या विभागात त्याची चौकशी करावी.

महाराष्ट्रात हा प्रश्न वेगळ्या रूपात आहे. इथे शाळेच्या सहलीला एसटीची बस ५० टक्के सवलतीत मिळते, विद्यार्थ्यांच्या मासिक पासाला सुमारे ६७ टक्के सवलत असते, आणि बारावीपर्यंतच्या मुलींना अहिल्यादेवी होळकर योजनेत मोफत पास मिळतो. बस सरकारी महामंडळाची असल्यामुळे सरकारच्या निर्णयाने भागतं. वाटाघाटी लागत नाहीत. एसटीची बस मिळाली नाही किंवा अभियांत्रिकीच्या मुलांना कारखाना दाखवायला न्यायचं असलं, की प्रत्येक महाविद्यालय आपापल्या ओळखीच्या खासगी बसवाल्याकडे जातं आणि एकट्याने भाव करतं. केंद्राचं जेम हे खरेदी संकेतस्थळ २०१६पासून आहे आणि त्यावर वाहन भाड्याने घेण्याची सेवाही आहे. पण तिथेही प्रत्येक कचेरी आपली मागणी वेगळीच टाकणार असेल, तर पन्नास छोट्या मागण्यांची एक मोठी मागणी होत नाही.

एका विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालयांनी खासगी बसचा सामाईक दरकरार करायचं मनावर घेतलं, तर निविदेच्या पहिल्याच पानावर बसवाला विचारणार: वर्षाला फेऱ्या किती, किलोमीटर किती, कोणत्या महिन्यांत, किती आसनी? हे आकडे आज प्रत्येक महाविद्यालयाच्या लेखा विभागात, बिलांच्या फायलींत सुटे सुटे पडले आहेत. एका शैक्षणिक वर्षाची ती बिलं एका तक्त्यात उतरवायला एका लिपिकाला फार तर महिना लागेल. करार त्यानंतरचा.